सगोत्र गोळ्या

मे महिना उजाडला की आपल्या मंडळींच्या घरी भारतातून आईवडील यायला सुरुवात होते. विमानतळावर व्हीलचेअरमधून येणारी ती ओळखीची मूर्ती, मांडीवर घट्ट धरलेली पर्स, आणि घरी आल्यावर बॅगेतून निघणारी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि एक प्लास्टिकचा डबा. या डब्यात सहा महिन्यांची औषधे असतात. भाजणीची पिशवी आपण लगेच उघडतो. औषधांचा डबा मात्र 'त्यांचं त्या बघतील' असे म्हणून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवून देतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या तेव्हा मी नेमके हेच केले. मी व्यवसायाने फार्मासिस्ट. काउंटरपलीकडच्या परक्या माणसांना "आणखी कुठली औषधं घेता?" असे विचारण्याचा मला पगार मिळतो. घरच्या माणसाला तो प्रश्न मी विचारला नाही. त्याची ही हकिकत, आणि त्या निमित्ताने गुडघेदुखीवरच्या औषधांची थोडी ओळख.

सासूबाईंचे वय तेव्हा ७४. दोन्ही गुडघे झिजलेले, शिवाय रक्तदाब. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, आणि गुडघ्यांसाठी 'फार दुखलं तरच' अशा सूचनेसह मिळालेली असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी. साताऱ्याला त्यांचे सगळे तळमजल्यावर. आमच्याकडे कपडे धुवायचे मशीन बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्या वर. जिन्याची चढउतार वाढली आणि गुडघे बोलू लागले. 'फार दुखलं तर'ची गोळी रोज सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. ह्यांना आईचे हाल बघवेनात, म्हणून त्यांनी अलीव्हची बाटली आणून दिली. मंडळाच्या भजनाला भेटलेल्या एका काकूंनी मायेने कॉम्बिफ्लामची अख्खी पट्टी हातात ठेवली. सासूबाईंनी कुणाचेच मन मोडले नाही.

तीन आठवड्यांत पावले सुजली, रक्तदाब वाढला, अन्नावरची वासना गेली. आम्ही आधी विमानप्रवासाला दोष दिला, मग लोणच्याला. इथे मेडिकेअर नाही, डॉक्टर महाग, म्हणून त्याही "बरं वाटतंय" म्हणत राहिल्या. शेवटी रक्त तपासले तेव्हा एरवी एकच्या आत असणारे क्रिएटिनिन २.१ वर गेले होते. म्हणजे मूत्रपिंडांचे काम निम्म्याहून कमी झाले होते. डॉक्टरांनी औषधांचा डबा मागवला, सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि त्यातली तीन औषधे बाजूला काढून म्हणाले, "ही तिन्ही एकाच घरातली आहेत." मी ते मराठीत सांगितले. सासूबाई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "म्हणजे सगोत्र?"

मी इतकी वर्षे हे शास्त्र शिकले, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी मांडता आले नव्हते. वेदनाशामक गोळीचे नाव देशागणिक, कंपनीगणिक बदलते. पाहायचे असते ते तिचे गोत्र.

आधी गुडघ्याविषयी

"गुडघ्यातलं ग्रीस संपलं" असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये तो विरळ होतो, खडबडीत होतो. पण कूर्चेला मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर आणि अशक्त झालेले भोवतालचे स्नायू. म्हणूनच एक्स-रे भयंकर दिसणारा माणूस कधी आरामात चालतो आणि एक्स-रे बरा असणारा कण्हत बसतो.

झिजलेली कूर्चा पुन्हा वाढवून देणारी गोळी आजही नाही. खाली ज्या औषधांविषयी लिहिले आहे ती सगळी फक्त दुखणे कमी करतात. तेव्हा औषधाकडून अपेक्षा एवढीच ठेवावी, की दुखणे इतपत कमी व्हावे की माणूस उठेल आणि चालेल. गोळी घेऊन सोफ्यावरच बसायचे असेल, तर तिचे तोटे पदरी पडतात आणि फायदा वाया जातो.

पहिले गोत्र : पॅरासिटामॉल

भारतात क्रोसिन, कॅलपॉल, डोलो आणि इथे टायलेनॉल. हे सगळे एकच औषध. भारतात आणि इंग्लंडात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, अमेरिकेत असिटामिनोफेन. नावातल्या या फरकामुळे कितीतरी लोक डोलो आणि टायलेनॉल दोन्ही घेतात आणि आपण दोन वेगळी औषधे घेतली असे समजतात.

हे औषध पोटाला सौम्य आहे आणि ठरल्या मात्रेत मूत्रपिंडालाही बहुधा त्रास देत नाही. पण ते सांध्याची सूज उतरवत नाही. गुडघ्याच्या दुखण्यावर त्याचा प्रभाव आपण समजत होतो त्याहून बराच कमी आहे. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ७६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर नुसत्या पॅरासिटामॉलचा, मात्रा कितीही असली तरी, रुग्णाला जाणवण्याजोगा फायदा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शनात ते नेहमीसाठी देऊ नये असेच म्हटले. एखाद्याला दुसरे काही चालतच नसेल तर अधूनमधून ते घ्यावे, इतकेच.

जपायचे असते यकृताला. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. वयस्कर माणसांना पुष्कळ डॉक्टर ३ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात, आणि दारू नियमित घेणाऱ्यांना त्याहूनही कमी. अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याचे प्रमुख कारण याच औषधाची जादा मात्रा हे आहे. सर्दी-खोकल्याच्या आणि रात्री झोप यावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच औषधांतही ते मिसळलेले असते, म्हणून बाटलीची मागची बाजू वाचावी.

दुसरे गोत्र : सूज उतरवणारी औषधे

सासूबाईंची तिन्ही औषधे या घराण्यातली. याचा विस्तार फार मोठा. आयब्युप्रोफेन, म्हणजे भारतातले ब्रुफेन आणि इथले अ‍ॅडव्हिल किंवा मोट्रिन. नॅप्रोक्सेन, म्हणजे अलीव्ह. डायक्लोफेनॅक, म्हणजे व्होवेरान आणि व्होल्टारेन. त्याचाच सख्खा भाऊ असेक्लोफेनॅक. शिवाय मेलॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे दोन्ही गोत्रे एकाच गोळीत. सासूबाई रोज असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि आयब्युप्रोफेन अशी तीन भावंडे एकदम घेत होत्या.

ही औषधे काम कशी करतात ते जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली अ‍ॅस्पिरिनवर प्रयोग करून दाखवले. १९८२ साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सुजलेल्या सांध्यात ती वेदना वाढवतात. पण हीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि अडचणीच्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी ही द्रव्ये तयार होण्याचे काम थांबवते, आणि ते फक्त गुडघ्यात थांबव असे तिला सांगता येत नाही. गुडघ्याला आराम मिळतो त्याच वेळी जठराचे आणि मूत्रपिंडाचे संरक्षण कमी होते. एका भावंडापाठोपाठ दुसरे घेतल्याने आराम फारसा वाढत नाही. धोका मात्र वाढतो.

त्यातच रक्तदाबाचे औषध. टेल्मिसार्टन, लोसार्टन, लिसिनोप्रिल यांसारखी औषधे मूत्रपिंडातला दाब कमी करतात. हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे शरीरातले पाणी कमी करतात. एरवी ही दोन्ही उपयोगाचीच आहेत. पण त्यांच्या जोडीला या गोत्रातली गोळी आली की मूत्रपिंडाची तिन्हीकडून कोंडी होते. त्यात उन्हाळा, कमी पाणी पिणे किंवा जुलाब यांची भर पडली, तर सासूबाईंचे झाले तसे होते. आपल्याकडे साठी उलटलेल्या किती जणांना रक्तदाब आहे ते आठवून पाहा, म्हणजे हा प्रश्न किती घरांचा आहे ते कळेल.

याच औषधाची एक गोष्ट आपल्या देशातलीच आहे. १९९०च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या पारशी समाजाच्या दख्म्यांवरही ती दिसेनाशी झाली. २००४ साली कारण कळले. दुखण्यासाठी गुरांना डायक्लोफेनॅक दिले जाई, त्या गुरांचे मांस गिधाडे खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. २००६ साली भारत सरकारने या औषधाचा गुरांसाठी वापर बंद केला. गिधाडांइतके आपण नाजूक नाही, पण हे औषध कुठे घाव घालते ते त्यावरून लक्षात राहते.

भावंडांत डावे-उजवे

"यातली सगळ्यात चांगली कुठली?" असे मला नेहमी विचारतात. निव्वळ वेदनेचा विचार केला तर डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब पूर्ण मात्रेत सर्वांत प्रभावी ठरतात, हे १९२ चाचण्यांच्या २०२१ सालच्या आढाव्यात दिसले. पण ज्यांना इतर व्याधी आहेत त्यांच्यासाठी आणि दीर्घकाळच्या वापरासाठी ती बहुधा योग्य नाहीत, असेही त्याच आढाव्यात म्हटले आहे. प्रभावी आणि सोयीचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पोटात व्रण किंवा पूर्वी रक्तस्राव झालेला असेल, तर सेलेकॉक्सिब हे जठराला तुलनेने सौम्य. किंवा दुसरे औषध घेताना जोडीला ओमेप्राझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध देतात. सेलेकॉक्सिब ज्या उपशाखेतले, त्याच शाखेतले रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, १९९९ साली मोठ्या गाजावाजाने बाजारात आले आणि हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यावर २००४ साली मागे घेतले गेले. त्यामुळे सेलेकॉक्सिबकडेही बरीच वर्षे संशयाने पाहिले जाई. २०१६ साली २४,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत मध्यम मात्रेतले सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनपेक्षा वाईट ठरले नाही. याचा अर्थ ते निर्धोक आहे असा नव्हे. अ‍ॅस्पिरिन सोडून या गोत्रातल्या सर्वच औषधांनी हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच वाढू शकतो, असा सक्त इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली दिला. हृदयासाठी रोज बेबी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की आयब्युप्रोफेन आधी घेतले तर अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होऊ शकतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर या गोत्रातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

असेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब आणि निमेसुलाइड ही तीन औषधे अमेरिकेत विकली जात नाहीत. निमेसुलाइडला इथे कधीच परवानगी मिळाली नाही, आणि भारतातही २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास बंदी आहे. त्यामुळे इथल्या डॉक्टरांना ही नावे ओळखीची नसतात. अशा वेळी "हे अ‍ॅडव्हिलच्या जातीचं आहे" एवढे सांगितले तरी पुरते.

गावाबाहेर राहणारा भाऊ

याच डायक्लोफेनॅकचे जेल मिळते. व्होल्टारेन जेल अमेरिकेत २००७ पासून चिठ्ठीवर आणि २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळते. गोत्र तेच, पण तोंडाने घेतलेल्या औषधाच्या मानाने रक्तात जेमतेम सहा टक्के उतरते. गुडघा त्वचेच्या लगत असल्याने जेल कामाच्या जागी पोचते. म्हणून अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन्ही मार्गदर्शनांत गुडघ्यासाठी ते आवर्जून सुचवले आहे. ब्रिटनमध्ये तर गोळीच्या आधी जेल, असा क्रमच आहे.

पण ते नीट लावले पाहिजे. आपण आयोडेक्ससारखे बोटभर चोळतो आणि "काही उपयोग नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी सोडून देतो. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, हे त्याचे माप. मापासाठी खोक्यात पट्टी दिलेली असते. गुण यायला आठवडा लागू शकतो. लावल्यावर वर शेकू नये, घट्ट पट्टा बांधू नये. तीन आठवड्यांहून जास्त लावायचे तर डॉक्टरांना विचारावे. गुणाविषयीही प्रामाणिकपणे सांगायचे तर, चाचण्यांत शंभरांतल्या सुमारे साठ जणांना चांगला आराम पडला, पण औषध नसलेले साधे जेल लावणाऱ्यांतही सुमारे पन्नासांना पडला. फरक मोठा नाही, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही फार लहान आहे. मूत्रपिंडे आधीच अशक्त असतील, तर मात्र जेलसुद्धा विचारूनच लावावे. आणि जेल लावून वर त्याच गोत्रातली गोळी घेऊ नये.

गोत्राबाहेरचे

ड्युलोक्सेटिन हे मुळात नैराश्यावरचे औषध. जुनाट स्नायू-सांधेदुखीसाठी त्याला इथे २०१० साली मान्यता मिळाली. औषधाचे नाव वाचून "मला वेड लागलंय का?" असे आईवडील विचारतात. त्यांना सांगावे, की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या वाटेवर ते काम करते. अफूच्या वर्गातल्या औषधांविषयी २०१८ साली एक चाचणी झाली. कंबर, खुबा आणि गुडघा यांच्या जुन्या दुखण्यावर वर्षभर दिलेली ती औषधे साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. चक्कर, पडणे, बद्धकोष्ठ आणि सवय लागणे मात्र पदरात पडते.

ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिनच्या बाटल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. २००६ साली दीड हजारांवर रुग्णांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत, सर्व रुग्ण मिळून पाहता, ही औषधे साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, लग्नकार्य निभावते. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते देत राहिले तर कूर्चा अधिक झिजते, असे २०१७ साली दिसले. गावाकडच्या 'हमखास' पुडीविषयी तर जास्तच जपावे. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. सांधेदुखीच्या 'नैसर्गिक' गोळ्यांत लेबलवर न लिहिलेले डायक्लोफेनॅक आणि स्टेरॉइड आढळल्याचे इशारे इथल्या प्रशासनाने २०२२ साली दिले. जी पुडी एका दिवसात जादू करते, तिचे गोत्र आधी विचारावे.

आणि ज्याला गोळीचे रूप नाही ते औषध म्हणजे व्यायाम. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षाअखेरीस फिजिकल थेरपी घेतलेले रुग्ण स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा बरे होते. एक पौंड वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार पौंडांनी उतरतो. वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडची स्थूल रुग्णांवरची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, त्यातही वजनाबरोबर गुडघ्याचे दुखणे स्पष्टपणे कमी झाले.

फ्रिजवरचा कागद

सासूबाईंची तिन्ही औषधे बंद झाली, पाणी वाढवले, रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी काही दिवस बदलल्या. क्रिएटिनिन उतरायला पाच आठवडे लागले. ते उतरले हे आमचे नशीब. सर्वांचेच उतरते असे नाही.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद असतो. घरात येणाऱ्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव त्यावर लिहायचे, कंपनीचे नव्हे. समोर गोत्र लिहायचे. दुसऱ्या गोत्रातले एका वेळी एकच घ्यायचे, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस. जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर ते तोवर बंद करून डॉक्टरांना फोन करायचा. काळी शौच, पावलांवर सूज, कमी लघवी, धाप किंवा छातीत दुखणे दिसले तर वाट पाहायची नाही. आईवडील येण्यापूर्वी तिकडेच क्रिएटिनिन तपासून तो कागद बरोबर आणायला सांगायचे. आणि डॉक्टर महाग वाटला तर कोपऱ्यावरच्या फार्मासिस्टला विचारायचे. त्याला प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

सासूबाई त्यानंतर दोनदा येऊन गेल्या. गुडघे दुखतातच. सकाळी जेल लावून खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करतात आणि मग पार्कपर्यंत जाऊन येतात. मागच्या खेपेला भजनाला कुणीतरी पुन्हा प्रेमाने एक पट्टी पुढे केली. सासूबाईंनी चष्मा काढला, पट्टी उलटी केली, मागची बारीक अक्षरे नीट वाचली आणि नव्या सुनेला विचारावे तशा सुरात म्हणाल्या, "कुणाकडची गं ही?"